आवाजाचा वळसा

भुलीतून जागी होत असताना परिचारिकेने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. ओठ हलत होते, जीभ हलत होती, शब्दही मनात स्वच्छ होता. पण तोंडातून बाहेर पडत होती ती नुसती हवा. घशात नळी होती ना, म्हणून बसला असेल घसा, असं घरचे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट घेतला आणि असा ठसका लागला की जीव कासावीस झाला. खोकावं म्हटलं, तर खोकलाही फुसका. त्यानंतर मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं आहे. माझ्या डाव्या बाजूला नेमकं काय बंद पडलं आहे, ते कुठून निघतं, कुठे वळतं आणि कुठे पोचतं, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. सांगायला आवाज तेवढा नव्हता.

शस्त्रक्रिया थायरॉइड ग्रंथीची होती. गाठ मोठी होती आणि आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. असं होऊ शकतं हे मला आधी सांगितलं होतं आणि मी कागदावर सहीही केली होती. तेव्हा हा लेख तक्रारीचा नाही. तो आहे एका नसेच्या वाटेबद्दल. मेंदूतून निघून गळ्याशी यायचं, तर ही नस गळ्यावरून खाली छातीत उतरते, हृदयाजवळ वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. तिची ही वाट मी दरवर्षी फळ्यावर काढत असे. तिचा अर्थ मात्र मला आवाज गेल्यावर लागला.

गळ्यावर बोट ठेवून

वाचकांनी आधी एक छोटा प्रयोग करावा. मान सरळ ठेवून गळ्याच्या मध्यावर बोट ठेवा. पुरुषांना तिथे पुढे आलेला उंचवटा सहज लागेल. तो कंठमणी, बोलीत त्याला घाटी म्हणतात. स्त्रियांना तो थोडा शोधावा लागतो. स्वरयंत्रातली ही सगळ्यांत मोठी कूर्चा. कूर्चा म्हणजे कानाला आणि नाकाच्या शेंड्याला आकार देणारा, हाडापेक्षा लवचीक आणि मांसापेक्षा टणक असा पदार्थ. पुस्तक अर्धवट उघडून, त्याचा कणा पुढे करून उभं धरावं, तसा या कूर्चेचा आकार असतो. ग्रीकांना त्यात ढाल दिसली, म्हणून तिचं नाव ढालीवरून थायरॉइड पडलं. शेजारच्या ग्रंथीनेही तेच नाव घेतलं.

आता बोट हळूच खाली सरकवा. एक लहानशी खाच लागेल आणि तिच्याखाली पुन्हा एक कडक गोल. ही क्रिकॉइड कूर्चा, खड्याच्या अंगठीसारखी. फरक इतकाच, की खड्याची रुंद बाजू मागे आणि अरुंद बाजू पुढे. मागच्या रुंद बाजूवर शेंगदाण्याएवढ्या दोन कूर्चा बसलेल्या असतात, ॲरिटिनॉइड नावाच्या. त्या जागच्या जागी फिरतात आणि सरकतातही. सगळ्यांच्या वर पिंपळपानासारखी एपिग्लॉटिस. तीन एकेकट्या आणि तीन जोड्या, अशा एकूण नऊ कूर्चांचा हा सांगाडा आहे.

ज्यांना आपण स्वरतंतू म्हणतो, ते तंतू नव्हेतच. तंबोऱ्याच्या तारांसारखं तिथे काही ताणलेलं नसतं. आत असतात दोन पट, दोन घड्या: आतून स्नायू, वरून मऊ ओलसर आवरण. पुढची टोकं कंठमण्याच्या मागे एकत्र जोडलेली आणि मागची टोकं त्या दोन शेंगदाण्यांवर बसवलेली. श्वास घेताना पट मागे फाकतात आणि मधे त्रिकोणी वाट मोकळी होते. बोलताना ते मिटतात. खालून येणारी हवा त्यांना थरथरवते. पुरुषांमध्ये त्यांची लांबी साधारण दीड-दोन सेंटीमीटर, स्त्रियांमध्ये त्याहून कमी. बोलताना पुरुषांचे पट सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा, तर स्त्रियांचे दोनशेच्या आसपास वेळा उघडमीट करतात.

बोट त्या खाचेवरच असू द्या आणि खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत जा. खाच अरुंद होत जाईल. अंगठी आणि ढाल एकमेकींजवळ येताहेत, त्यामुळे आतले पट ताणले जाताहेत आणि सूर चढतो आहे. हे काम करणाऱ्या स्नायूचं नाव क्रिकोथायरॉइड. त्याची आठवण ठेवावी, कारण त्याची नस वेगळी आहे.

आधी पहारेकरी, मग गवई

आवाज हे या यंत्राचं मुख्य काम आहे असं आपल्याला वाटतं. तसं ते नाही. अन्नाची आणि हवेची वाट घशात एकमेकींना छेदते. त्या चौकात उभा असलेला पहारेकरी म्हणजे स्वरयंत्र. गिळताना ते वर उचललं जातं (बोट ठेवून आवंढा गिळला की कळतं), एपिग्लॉटिस त्यावर झुकते आणि पट घट्ट मिटतात. एवढं करूनही चुकून थेंब आत गेलाच, तर ठसका. ठसका म्हणजे पहारेकऱ्याने मारलेली आरोळी.

दुसरं काम त्याहून दुर्लक्षित. पाण्याने भरलेली कळशी उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. श्वास रोखतो म्हणजे पट मिटून छातीत हवा कोंडतो. त्या कोंडलेल्या हवेच्या आधाराने हातांना आणि पोटाला जोर येतो. आवाज गेल्यावर पहिल्या आठवड्यात मला गॅसचं सिलिंडर जागचं हलवता येईना. घरच्यांना वाटलं, अशक्तपणा आहे. खरं कारण गळ्यात होतं: झाकण नीट लागत नव्हतं.

एका बाजूचा पट हलेनासा झाला, की आवाज जातो आणि पाण्याचा ठसका लागतो. पण दोन्ही बाजूंचे पट मध्यावर येऊन थांबले, तर आवाज बऱ्यापैकी चांगला राहू शकतो आणि माणूस श्वासासाठी तडफडू लागतो. विद्यार्थ्यांना हे आधी खरं वाटत नसे. वर्गात मी म्हणायचे, ‘आवाज चांगला आहे म्हणून रुग्ण चांगला आहे असं समजू नका.’

दोन नसा, दोन वाटा

रोजच्या बोलण्यात आपण ‘नस’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात तिला चेता म्हणतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्या आहेत. त्यांतल्या दहावीचं नाव व्हेगस, म्हणजे लॅटिनमध्ये भटकी. नाव अगदी योग्य आहे, कारण कवटीच्या तळातून निघून ती गळा, हृदय, फुप्फुसं करत पोटापर्यंत जाते. स्वरयंत्राला मिळणाऱ्या दोन्ही नसा तिच्याच शाखा.

पहिली शाखा वरच्या वर, मानेतच फुटते आणि सरळ स्वरयंत्राकडे येते. तिचे दोन फाटे होतात. आतला फाटा पटांच्या वरच्या भागाची संवेदना मेंदूला कळवतो. ठसक्याची पहिली बातमी त्याच्याकडून जाते. बाहेरचा फाटा केसासारखा बारीक असतो आणि तो फक्त क्रिकोथायरॉइडला, सूर चढवणाऱ्या स्नायूला, जातो.

बाकीचे सगळे स्नायू, म्हणजे पट मिटवणारे, घट्ट धरणारे आणि उघडणारे, दुसऱ्या शाखेच्या हुकमतीखाली. पटांच्या खालच्या भागाची संवेदनाही तिच्याकडेच. पट मिटवायला अनेक स्नायू आहेत. उघडायला मात्र प्रत्येक बाजूला एकच. या दुसऱ्या शाखेला डॉक्टर मंडळी रिकरंट नर्व्ह म्हणतात, म्हणजे उलटी फिरणारी. मी तिला ‘परतीची चेता’ म्हणत असे.

ती व्हेगसमधून गळ्याजवळ फुटतच नाही. व्हेगसबरोबर ती स्वरयंत्राला मागे टाकून सरळ छातीत उतरते. डावी चेता हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते, उजवी उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून. मग श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून, थायरॉइड ग्रंथीच्या मागून, दोघी वर चढतात आणि स्वरयंत्रात शिरतात. डावी चेता उजवीपेक्षा जवळपास दुप्पट लांब असते. जाडी म्हणाल, तर शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी.

शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये मी विद्यार्थ्यांना ही चेता गळ्याकडून शोधू देत नसे. आधी छातीत, महाधमनीच्या कमानीखाली बोट घालायला लावायची आणि तिथून वर यायला सांगायची. कुणीतरी देहदान केलेलं असतं म्हणून आपल्याला हा दोरा हातात धरता येतो, हेही सांगायची. दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारायचाच: ‘मॅडम, सरळ का नाही आली?’

डुकराचं ओरडणं

हा प्रश्न पडण्याआधी ही चेता सापडावी लागली. तिचं काम जगासमोर मांडलं ते दुसऱ्या शतकात, रोममध्ये, गॅलेन नावाच्या वैद्याने. जिवंत डुक्कर बांधून ठेवलेलं, जोरजोरात ओरडत असलेलं. गॅलेनने गळ्यातल्या या दोन चेता बंद केल्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचा आवाज थांबला. आज हे वाचताना अंगावर काटा येतो; त्या काळी रोममधली बडी मंडळी ते बघायला जमत.

गॅलेनला नुसता चमत्कार दाखवायचा नव्हता. त्याच्या काळी एक मोठा वाद होता. मन हृदयात असतं, असं मानणारे तत्त्वज्ञ म्हणत, की शब्द हा विचारातून येतो आणि आवाज छातीतून निघतो, म्हणजे विचारही छातीतच असला पाहिजे. गॅलेनने दाखवलं, की छाती, फुप्फुसं, हृदय सगळं जागेवर असताना मेंदूकडून आलेला एक दोरा बंद केला की आवाज संपतो. आवाजाचा धनी मेंदू आहे.

वाद गॅलेनने जिंकला आणि तो बरोबरही होता. पण मला नेहमी गंमत वाटते ती अशी, की ज्या चेतेच्या आधाराने त्याने हृदयवाद्यांना हरवलं, ती स्वतः हृदयाच्या दारापर्यंत जाऊन आलेली असते. आपल्याकडे परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी अशा वाणीच्या पायऱ्या नाभीपासून मुखापर्यंत सांगितल्या जातात. त्या रचणाऱ्यांना ही चेता ठाऊक होती असा दावा मी करणार नाही. तो आतल्या अनुभवाचा नकाशा आहे, शरीराचा नव्हे. पण वाणी छातीतून वर येते, असं माणसाला अनेक ठिकाणी वाटलं, हे खरं.

विसाव्या शतकातही या चेतेबद्दल एक चुकीचा समज काही वर्षं चालला. पॅरिसमधल्या राऊल हुसाँ यांनी १९५०मध्ये मांडलं, की पटांचं प्रत्येक कंपन मेंदूकडून आलेल्या स्वतंत्र इशाऱ्यामुळे होतं. तसं असतं, तर वरच्या पट्टीत गाताना चेतेला सेकंदाला हजारभर इशारे न्यावे लागले असते आणि तिला ते झेपत नाही. शिवाय डावी चेता इतकी लांब, की डाव्या-उजव्या पटांचा मेळच बसला नसता. चेता पटांना जागेवर आणते आणि ताण देते. थरथरवते ती हवा. त्यामुळे एका पटाची चेता गेली तरी तो पट मेलेला नसतो. दुसरा पट त्याच्यापर्यंत येऊन भिडला, तर वाऱ्यावर दोघेही थरथरू शकतात. माझी सगळी आशा या एका वाक्यावर होती.

सरळ का नाही आली?

उत्तर आईच्या पोटात आहे. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा त्याला मान नसते. डोक्याच्या अगदी खालीच हृदय असतं आणि दोन्हींच्या मधे कमानींची एक रांग. प्रत्येक कमानीत एक धमनी, एक चेता आणि कूर्चेचा अंश. माशांमध्ये अशाच कमानींपासून कल्ले होतात आणि तिथे व्हेगसच्या शाखा सरळ, जवळच्या वाटेने कल्ल्यांना जातात. आपली परतीची चेता सहाव्या कमानीची. गर्भात तीही सरळच असते: आपल्या धमनीच्या खालून जाऊन भावी स्वरयंत्राला पोचलेली.

मग मान लांबू लागते आणि हृदय छातीत उतरतं. उतरताना ते आपल्या धमन्या बरोबर नेतं आणि त्या धमनीत अडकलेली चेता खाली ओढली जाते. दाव्याला बांधलेली गाय पुढे निघाली की दावंही ओढलं जातं, तसं. डाव्या बाजूला सहाव्या कमानीची धमनी जन्मापर्यंत टिकते. गर्भातलं रक्त ती फुप्फुसांना वगळून थेट महाधमनीत नेते. जन्मानंतर तिचा नुसता दोर उरतो. चेता तिथे अडकलेली राहते. उजवीकडे ती धमनी विरून जाते, म्हणून चेता वरच्या धमनीपाशी थांबते.

जिराफाच्या मानेत हीच चेता खाली छातीपर्यंत जाऊन परत वर येते आणि तिची लांबी चार मीटरांहून जास्त भरते. सरळ वाट काही सेंटीमीटरांचीच. नव्याने आखलेल्या यंत्रात असा वळसा कुणी ठेवला नसता. पण शरीर नव्याने आखलेलं नाही. जुन्या वाड्यात खोल्या वाढवत जावं, पण पहिली वायरिंग काढून टाकता येऊ नये, तसं ते आहे.

वळशाची किंमत

वाट लांब, म्हणून संकटंही जास्त. गळ्यात थायरॉइडची शस्त्रक्रिया करताना ही चेता ग्रंथीच्या मागेच असते. अनुभवी हातांत कायमचा अपाय शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होतो. तात्पुरता त्याहून जास्त जणांना. मी त्या थोड्यांपैकी.

सूर चढवणाऱ्या त्या केसासारख्या फाट्याचीही एक गोष्ट आहे. अमेलिता गाली-कुर्ची या इटालियन गायिकेची १९३५मध्ये थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली आणि तिचे वरचे सूर गेले, ते हा फाटा दुखावल्यामुळे, असं शल्यविशारदांच्या पिढ्यान् पिढ्या शिकवत आल्या. पुढे अभ्यासकांनी जुने पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा तिचा आवाज शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच उतरणीला लागला होता असं दिसलं. दंतकथा पूर्ण खरी नसेल. पण तिच्यामुळे अनेक शल्यविशारद त्या फाट्याला जपायला शिकले.

दुसरी किंमत छातीत. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला कर्करोग, क्षयाने सुजलेल्या गाठी, फुगलेली महाधमनी यांतलं काहीही डाव्या चेतेला दाबू शकतं. १८९७मध्ये नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या हृदयातली मिट्रल झडप अरुंद झाली होती आणि आवाज घोगरा झाला होता. ऱ्हुमॅटिक तापाने झडप बिघडलेले रुग्ण आपल्याकडे अजून दिसतात. आवाज बसला म्हणून कुणी आलं चघळत, कुणी हळदीचं दूध पीत महिना काढतो. आणि आजार छातीत वाढत असतो. सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज एक-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे होऊनही आवाज घोगराच असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. तंबाखू, मिश्री किंवा विडी असेल तर अधिकच लवकर.

परत

माझी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा पडद्यावर मी माझं स्वरयंत्र पाहिलं. १८५४मध्ये मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात, स्वतःचे पट स्वतः पाहिले होते. मला ते बसल्या जागी दिसले. उजवा पट येत होता, जात होता. डावा बाजूला स्वस्थ. मधली फट तशीच उघडी.

डॉक्टर म्हणाले, चेता कापलेली नाही, ताणली गेली आहे. सहा महिने ते वर्षभर वाट पाहायची. नाहीच जमलं, तर पटाला बाजूने आधार देऊन मध्यावर सरकवण्याची शस्त्रक्रिया आहे. जपानच्या नोबुहिको इस्शिकी यांनी ती १९७०च्या दशकात रूढ केली. तोवर स्पीच थेरपिस्टकडे जायचं. पाणी पिताना हनुवटी छातीकडे झुकवायची आणि मान डावीकडे वळवायची, म्हणजे घोट चांगल्या बाजूने उतरतो. आमटी चालते, पाणी चालत नाही, हे पहिल्या पंधरा दिवसांत कळलं; पातळ पदार्थ पहारेकऱ्याला लवकर चुकवतो.

सातव्या महिन्यात पुन्हा दुर्बीण झाली. डावा पट अजूनही हलत नव्हता, पण सैलही नव्हता. चेतेचे धागे परत वाढतात तेव्हा ते नेमक्या आपल्या स्नायूकडे जातातच असं नाही. मिटवणाऱ्याचा धागा उघडणाऱ्याकडे आणि त्याचा याच्याकडे जातो. दोन्ही स्नायू एकाच वेळी ओढतात, म्हणून पट हलत नाही. पण त्याला जीव येतो. तो मध्याजवळ घट्ट उभा होता आणि उजवा पट रेषा ओलांडून त्याच्यापर्यंत पोचत होता.

आता मी बोलते. आवाज खालचा आहे, लवकर दमतो, वर्गात माइक लागतो. नातवाला अंगाई म्हणताना वरच्या ओळीला मी थांबते आणि तो ती आपली आपण म्हणतो. गेल्या वर्षी निवृत्तीच्या आधीचा शेवटचा वर्ग घेतला तो याच चेतेवर. एका मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, मॅडम, सरळ का नाही आली? मी तिला गर्भातल्या कमानी फळ्यावर काढून दाखवल्या. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, मोठ्याने बोला.’ मी मोठ्याने बोलू शकत नव्हते. म्हणून त्यांना जवळ बोलावलं, आणि सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला.